जवाईबापूंच्या गाडीला हळद

मु. अकोला
पोळ्यानंतरचा रविवार

राजमान्य राजश्री प्रीतमराव जवाईबापू यांना देवीदासचा मानाचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे अकोल्यात माणूस जितका ठीक राहू शकतो तितके. आईचे गुडघे दुखतात, वच्छलाचं (आमच्या घरच्या सरकारचं) डोकं दुखतं, आणि माझं काय दुखतं ते विचारायला घरात कोणाला सवड नाही. आपली तब्येत कशी आहे? अमरावतीला खाणावळीत जेवता, असं बडनेऱ्याच्या आत्यानं सांगितलं. दिवाळीनंतर आपलं लग्न आहे, हेही तिनंच सांगितलं. चांगलं झालं. हे मी मनापासून लिहितो आहे. आमची गीता जाऊन दुसरं वर्ष भरत आलं, बायको गेलेल्या माणसानं किती दिवस एकट्यानं जेवायचं? फक्त ही गोष्ट आपल्या तोंडून कळली असती तर बरं वाटलं असतं. फोनवर आपण "हो दादा, बरं दादा" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं, पण ते मला दिसत नाही.)

तर विषय आपल्या गाडीचा. गीताच्या तेरवीच्या दिवशी आपण चावी आईच्या हातात दिली, शेजारची सीट रिकामी ठेवून मला चालवता येणार नाही म्हणालात, आणि रेल्वेनं निघून गेलात. तेव्हापासून गाडी आमच्या अंगणात चिंचेखाली उभी आहे. काळा रंग, वर अकोल्याचं ऊन आणि त्याच्याही वर बगळे. आता श्रावणात आपला फोन आला, की पोळा झाला की ड्रायव्हर पाठवतो, गाडी विकायची आहे. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर गाडी काळी राहिलीच नव्हती. चुलीवरून उतरवून महिनाभर कोपऱ्यात टाकलेल्या तव्यासारखी पांढुरकी झाली होती. आई म्हणाली, "जवायाची वस्तू हाय बाप्पा, अशी मळकी पाठवाची का?" आणि मी कामाला लागलो. (शेवंतीला पाणी द्यायचं राहिलं. ती वाळली. असो.)

पहिल्यांदा मी गाडी धुतली. आपल्याला आमच्या बोअरचं पाणी ठाऊकच आहे. खारपाणपट्ट्यातलं पाणी, त्यात डाळ शिजत नाही. गाडी वाळली तेव्हा तिच्या अंगभर पांढरे ठिपके उठले, जणू गोवर आला. मग वच्छलानं कुठेतरी पाहिलं की टूथपेस्टनं चमक येते. तिनं घरातल्या सगळ्या ट्यूबा टपावर पिळल्या. चमक आली नाही, पण मोटारीच्या तोंडाला वास फार छान यायला लागला, आणि आम्ही सगळे मिठानं दात घासायला लागलो. त्यानंतर शेजारचा कुंदन आला. त्यानं मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिलेले असल्यामुळे तो स्वतःला या विषयातला डॉक्टर समजतो. म्हणाला, रंग मेला नाही, वरची साय तेवढी मेली आहे, ती खरवडली की खाली सगळं जिवंत आहे. हे ऐकून आई एकदम उठून आत गेली. कुंदनला कळलं नाही काय झालं, मला कळलं. मग त्यानं घासायचं मशीन आणि पॉलिशच्या कंपाउंडचा डबा आणला आणि एक दरवाजा असा घासला, की उन्हात पाहिलं तर त्यावर रांगोळीची गोल गोल नक्षी दिसते. मी विचारलं तर म्हणाला, अजून दोन हात बाकी आहेत. (आमच्या महानगरपालिकेचंही सगळ्या रस्त्यांविषयी हेच म्हणणं असतं.)

एवढ्यात पोळा आला. आमचे बैल मागच्या साली विकले, गोठा रिकामा आहे. तरी आदल्या दिवशी संध्याकाळी आईनं हळद-तूप गरम केलं आणि पळसाची पानं मागवली. मला वाटलं, शेजाऱ्यांच्या बैलांचे खांदे शेकायला जाईल. ती सरळ गाडीकडे गेली आणि बॉनेटवर, पुढच्या दोन्ही खांद्यांवर, पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायला लागली. वच्छला हसली, कुंदन हसला, मीही हसलो. आई म्हणाली, "काहून हासून राहिले? बैल नाई राह्यले त दाराशी हे तं उभी हाय. येनं का कमी ओढलं आमच्यासाठी? गीताले दवाखान्यात येनंच नेलं." मग वाकून, बैलाच्या कानात सांगतात तसं, ती गाडीच्या दिव्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्यानंतर कोणी हसलं नाही. मला गोठ्यात जाऊन उभं राहावं लागलं.

आता अडचण अशी की त्या कोरड्या पडलेल्या रंगानं हळद पिऊन घेतली. साबण झाला, रॉकेल झालं, कुंदनचे उरलेले दोन हातही झाले. बॉनेट पिवळंच. तेव्हा जवाईबापू, आपल्याआधी आपल्या गाडीला हळद लागली आहे, याबद्दल राग मानू नये. ड्रायव्हरलाही आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तो वरात समजून परत जाईल.

एक सांगायचं राहिलं. आई रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसते. पुढे, डावीकडे, गीताच्या सीटवर. दार उघडं ठेवते आणि मांडीवर परात घेऊन चवळीच्या शेंगा निवडते. गाडी गेली की ती कुठे बसेल, याचा विचार मी करत नाही. तुमच्या घरचं आता एवढंच आमच्याकडे आहे. गीता नाही, आपण येत नाही, नातवंड झालं नाही. गाडी गेली की अमरावती आणि आमच्यामध्ये फक्त मूर्तिजापूर आणि बडनेरा उरेल.

बाकी हळद सोडली तर गाडी उत्तम झाली आहे. तोंड पाहून भांग पाडता येतो. काळजी नसावी.

आपला,
देवीदास

ता. क. भांग पाडता येतो हे खोटं आहे. एक दरवाजा आणि पिवळं बॉनेट सोडलं तर गाडी होती तशीच आहे. कंपाउंडचा डबा आईनं ज्वारीच्या कोठीत लपवला आहे. तिचं म्हणणं, गाडी चमकली की ड्रायव्हर घेऊन जाईल, आणि अर्धी राहिली तर जवाई स्वतः भांडायला तरी येतील. तेव्हा भांडायला या. वच्छला पुरण घालेल.

ता. क. दुसरा. ड्रायव्हर पाठवू नका. लग्न झालं की दोघं मिळून या आणि गाडी तुम्हीच घेऊन जा. आपल्यात लेकीच्या जागी आलेली ही लेकच असते, तिचं एक माहेर इकडेही असतं, हे मी आपल्याला सांगायला नको. आईनं तिच्यासाठी साडी आणून ठेवली आहे. बांगड्या मात्र राहिल्या. कासाराला गीताचं माप पाठ आहे, तो त्याच मापाच्या हिरव्या बांगड्या काढून बसला होता. आईनं त्या परत केल्या. म्हणाली, "ह्या नोको. ते पोरगी येगळी हाय. जवायाले चिठ्ठी लिव आन् तिच्या हाताचं माप इचार."