लेव्कोची उणीव

पोडिल, सस्कॅचेवान
१२ फेब्रुवारी १९७८

चि. ओरेस्ट यास,
अनेक आशीर्वाद.

काल रिंकवर लेव्कोचा बर्फावरच्या हॉकीचा सामना बघून गेलास आणि बहिणीच्या घरी चहालासुद्धा थांबला नाहीस. शेजारी बसलेल्या त्या मॅनेजरसाहेबाला घाबरलास का रे? लेव्को सारखा विचारतोय, मामा काय म्हणाला. तुमच्या क्लबात निवड झाली तर सोळाव्या वर्षी पोर परक्यांच्या घरी राहायला जाणार, म्हणून मला खरं ते कळव. मामा म्हणून गोड लिहू नकोस. पोरं पारखायचा पगार घेतोस ना, तसं लिही. आणि तो साहेब दुर्बीण लावून माझ्याकडे का बघत होता? मी काही बर्फावर नव्हते!

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.

तुझी,
स्टेफाताई


रेजायना
१९ फेब्रुवारी १९७८

ती. स्टेफाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

साहेब तुझी उंची बघत होता. आईबाप केवढे आहेत त्यावरून पोर किती वाढेल याचा अंदाज बांधतात. दाजींचे खांदे किती रुंद, असंही मला विचारलं. ते हयात नाहीत म्हटलं, तर फोटो आहे का म्हणाला. सूर्यफुलाच्या बिया चघळत, टरफलं माझ्या बुटांवर थुंकत हे सगळं चाललं होतं. शिसारी आली मला.

आता आपलं पोर. हात फार मऊ आहेत त्याचे; पकची चकती त्याच्या काठीवर येते ती आवाज न करता. पास मिळण्याआधीच मान वळवून कोण कुठे आहे ते बघून ठेवतो, आणि हे कुणाला शिकवून येत नाही. डावीकडे वळताना मात्र चिखलात रुतलेला ट्रॅक्टर बरा. दमला की बचावाला मागे यायचं विसरतो. पायांत जोर येईल, बाकीचं सरावाने सुधारेल.

समोरच्या दांडगटाने हातमोजे टाकून त्याला मारामारीला ललकारलं, तेव्हा हा पक घेऊन निघून गेला आणि गोल करून आला. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या गं! अहवालात मी मुद्दाम हीच मोठी उणीव म्हणून लिहिली आहे, की पोर मारामारी करत नाही आणि करणारही नाही. असली पोरं साहेबाला नको असतात. नाव गळेल आणि आणखी दोन वर्षं तो तुझ्या हातचं खाईल. त्याला यातलं काही बोलू नकोस.

लहान भावावर माया असू दे.

तुझा,
ओरेस्ट


पोडिल
८ जानेवारी १९७९

ओरेस्ट यास,

तुझा साहेब उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून तुझ्या अहवालातल्या त्या उणिवेला हसला होता. पोर अंगाने आडवं आहे, मारामारी काय, ती शिकवता येते, असं म्हणून तो लेव्कोला घेऊन गेला. शिकवली त्यांनी. खेळातून निवृत्त झालेला एक गुंड ठेवलाय म्हणे, तळघरात पोरांकडून ठोसे घोटून घ्यायला.

परवा आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळच्या जेवणाला लेव्को घरी आला. गव्हाची खीर वाढली, तर त्याला चमचा धरता येईना. बोटांची पेरं सुजून काळीनिळी झालेली. बर्फावर किती वेळ खेळवतात, असं मी विचारलं. म्हणाला, समोरच्यांचा दांडगट उतरला की मला सोडतात, एरवी बाकावर. पक शेवटचा कधी मिळाला ते त्याला आठवेना. मग छाती काढून म्हणाला, मामाला कळव, त्याने लिहिलेली माझी उणीव आता गेली.

मी उठून अंगणात गेले आणि ओकले. तुझा साहेब, तुझा क्लब आणि तुझी ती हुशारी, सगळ्यांचीच किळस आली मला.

आजच्या बसने तो परत गेलेला नाही. सकाळीच गावच्या शाळेत त्याचं नाव घालून आले. आईने आयुष्याचं वाटोळं केलं म्हणत दार लावून बसलाय. बसू दे.

त्याने ऐकलंच तर तुझं ऐकेल, म्हणून ये. पण आधी ती नोकरी सोड, मगच माझ्या दारात पाऊल टाक. लोभ आहे अजून, तुटलेला नाही. आशीर्वाद मात्र तू आलास की देईन.

स्टेफा