सातव्या धड्यातलं पातेलं

प्रिय एदी,

सगळ्यात आधी आली ती लाल टोपीवाली पोरगी, तिच्यामागून धापा टाकत साहेब, आणि ज्यांनी त्यांना इथवर आणलं ते आपले लिम्बेर्त मास्तर सगळ्यात शेवटी, तेही माझ्या कुंपणाच्या आडोशाला उभे. मला बघून त्यांनी टोपी काढली. मी म्हटलं, मास्तर, टोपी राहू द्या डोक्यावर, आत काही असलं तर गारठेल. साहेबाचं नाव ओर्तुन्यो, पोरीचं हिमेना. राजधानीहून आले होते. शाळेतली पुस्तकं आणि ते नवे टॅब खेडोपाडी कसे वापरतात, त्यावर म्हणे संशोधन चाललंय. मी म्हटलं, बरं झालं आलात, मी तीन आठवडे तुमचीच वाट बघतेय. साहेब खूश झाला. त्याला काय ठाऊक, मी कशी वाट बघत होते ते.

तुला फाउस्तोमामाने फोनवर सांगितलं असेल की नाही, देव जाणे. त्याची पोर, तुझी मामेबहीण वायरा, तीन आठवडे टॅबवर सातव्या धड्यात अडकून बसली आहे. धडा आहे चुन्योचा, आपल्या सुकवलेल्या बटाट्यांचा. प्रश्न विचारलाय, चुन्यो करताना बटाट्याचं आधी काय करतात? खाली चार चित्रं. मिठाचं गाडगं, सूर्य, चुलीवरचं पातेलं आणि हिमाची चांदणी. आपल्या पोरीने चांदणी दाबली. दाबणारच. थंडीच्या रात्री बटाटे माळावर पसरायचे, हिमाने ते दगड करायचे, सकाळी ऊन लागलं की अनवाणी तुडवून पाणी काढायचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तुला तर सांगायलाच नको. पण टॅबवर लाल रडका चेहरा आला. पुन्हा दाबली, पुन्हा रडका. त्या टॅबच्या मते बटाटा आधी पातेल्यात उकडायचा. आणि ते बरोबर धरल्याशिवाय आठवा धडा उघडत नाही. बारा धडे झाल्याशिवाय दाखला नाही. दाखल्याशिवाय पोरीला तालुक्याच्या वसतिगृहात जागा नाही, आणि ती जागा एकच आहे.

वर्गातल्या बाकी सगळ्यांनी पातेलं दाबलं आणि पुढे गेले. मास्तर तिला म्हणाले, दाब ना गं पातेलं, मनात खरं ठेव आणि बोटाने खोटं दाब, कुणाचं काय जातंय. ती म्हणाली, मास्तर, पुढच्या वर्षी परत हेच विचारलं तर परत दाबायचं का? मास्तर फळा पुसायला लागले. घरी फाउस्तोही तेच बोलला, दाबून टाक म्हणे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. त्या दिवशी मी त्याला शिळं सूप वाढलं. पोर मात्र रोज सकाळी टॅब उघडते, चांदणी दाबते, रडका चेहरा बघते आणि टॅब मिटते. हा हट्ट तिने कुणाकडून घेतला म्हणून लोक माझ्याकडे बघतात. बघू देत. मला बरं वाटतं.

तर पाहुणे. साहेबाने माझ्यासमोर स्वतःचा टॅब धरला. त्यावर पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आजी, आमच्या पुस्तकाबद्दल तुम्हाला काय वाटतं, त्या चेहऱ्यावर बोट ठेवा. मी पाचही नीट न्याहाळले. म्हटलं, साहेब, यात थुंकणारा चेहरा नाही का? हिमेना खाली बघून हसली. साहेब नाही हसला. तो म्हणाला, आजी, हे काम गंभीर आहे, तीनशे शाळांची माहिती गोळा होतेय. मी म्हटलं, तीनशे शाळांत जाता आणि एका बटाट्यापाशी जाता येत नाही? उद्या या माळावर. उद्या आमची तुडवणी आहे.

आले बिचारे. जाड बूट, हातमोजे, साहेबाच्या गळ्यात लोकरीचा मफलर. माळाच्या कडेला उभे राहून फोटो काढायला लागले. मग बायांनी गलका केला. तुडवणीच्या दिवशी बूट घालून कडेला उभं राहिलेलं आपल्याकडे चालत नाही. थंडी त्याला पाहुणा समजत नाही, चोर समजते, आणि त्या रात्री पलीकडच्या गावाला निघून जाते. मग आपले बटाटे बसले कुजत. हिलारियाने सरळ सांगितलं, साहेब, एकतर पाय काढा नाहीतर पाय लावा. साहेब म्हणाला, अहो मला संधिवात आहे. हिलारिया म्हणाली, मलाही आहे, या, दोघं मिळून कण्हू.

एदी, बाळा, किती वर्षांत मी इतकी हसले नव्हते. साहेबाच्या पायांना बहुतेक लग्नानंतर ऊन लागलं नसावं. पाय कसले, सोललेले मुळे. पहिलं पाऊल ठेवलं आणि त्याच्या तोंडून देवाच्या आईचं नाव निघालं. बटाटा वरून मऊ, आत अजून बर्फ, आणि पाणी घोट्यापर्यंत उडतं. मी त्याच्या शेजारीच तुडवत होते आणि विचारत होते, साहेब, पातेलं दिसलं का कुठे? दिसलं की सांगा हं. चूल कुणी पेटवली का बघा जरा. बायांनाही चेव आला. एकजण म्हणाली, साहेब हळू, उकडलेल्यावर पाय भाजेल. त्याचे ओठ निळे पडले होते. मला त्याची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. हिमेना पोरगी मात्र चांगली निघाली. निमूट तुडवत होती, पायाखाली सालं सुटायला लागली तेव्हा वाकून एक बटाटा उचलला, पिळला, पाणी गळलं ते बघितलं. मग तिथूनच ओरडली, सर, धडा चुकलाय, इथे पातेलं कुठेच नाही. माझ्या मनात आलं, हिला सून करून घ्यावी. पण लग्नाचं कुणी उरलं नाही आपल्या घरात, तू सोडून.

नंतर घरी नेलं, सूप दिलं, पाय पुसायला घोंगडी दिली. मला वाटलं, जिंकले. तर साहेबाला ऊब लागताच त्याच्यातला साहेब जागा झाला. म्हणाला, आजी, मला पटलं हो, पण माझ्या पटण्याने काही होत नाही. हा धडा ज्याने लिहिला तो याच भागातला माणूस आहे, स्वतःच्या लहानपणच्या आठवणीवरून लिहिलाय, तसं त्याने सहीनिशी दिलंय. एका आजीच्या शब्दावर आम्ही तो बदलू शकत नाही. मी म्हटलं, एका आजीच्या? माळावर चाळीस माणसं होती, चाळिसांचे ऐंशी पाय. तो म्हणाला, पायांची सही चालत नाही. लेखकाने स्वतः दुरुस्ती लिहून दिली तर टॅबवरचा धडा त्याच दिवशी बदलतो, आणि छापील पुस्तकातलाही, कारण नवी छपाई महिनाअखेरीला आहे. नाही दिली तर पातेलं राहणार. मग वायरा एकतर पातेलं दाबेल नाहीतर घरी बसेल.

असा कोण शहाणा आहे हा, नाव तर दाखवा, मी म्हटलं. त्याला शिव्या घालायला नाव लागतं ना. हिमेनाने टॅबवर शेवटचं पान काढून दिलं. तुला ठाऊक आहे, मी दुसरीपर्यंतच शिकले, मला एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचावं लागतं. पहिलंच अक्षर ए आलं. ए, मग दि. पुढचं मी घाईने वाचलं नाही. वाचून झाल्यावर टॅब परत दिला आणि त्यांना विचारलं, आणखी सूप घेणार का. साहेब म्हणाला, शिव्या नाही घातल्या? मी म्हटलं, उरवून ठेवल्यात.

म्हणून हे पत्र, एदिल्बेर्तो. फोनवर बोलले असते तर फाउस्तोने ऐकलं असतं, आणि पोरीला कळलं असतं की तिला रोज रडवणारा चेहरा तिच्या दादाने पाठवलाय. अजून कुणालाच सांगितलं नाही. पहिले दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की हातातली काठी मोडली. मग तिसऱ्या दिवशी आठवलं. तुझी आई तुला माझ्याकडे ठेवून गेली तेव्हा तुझी छाती भात्यासारखी वाजायची. थंडीच्या दिवसांत मी तुला कधी माळावर नेलंच नाही. चुलीशेजारी घोंगड्यांत गुंडाळून ठेवायचे, आणि तू डोळे उघडायचास तेव्हा मी तुडवून परत आलेली असायचे, गेल्या वर्षीचा चुन्यो पातेल्यात टाकून. तुला पातेलंच दिसलं. सात वर्षांचा झालास आणि आई घेऊन गेली. तू खोटं लिहिलं नाहीस, हे मला कळतं. पण बाळा, लिहिण्याआधी मला एकदा विचारायचं होतंस. तेवढ्या एका गोष्टीवरून मी अजून रागावलेली आहे आणि तू येऊन तुडवेपर्यंत राग जाणार नाही. कागदावरची सही साहेबाकडे पाठवून सुटका करून घेऊ नकोस. तू स्वतः ये, वायराच्या समोर दुरुस्ती लिही, तिला सांग की चांदणीच बरोबर आहे, आणि मग बूट काढ. छातीला लावायला मी आपल्या कळपातल्या लामाची चरबी काढून ठेवली आहे. लेखकाला मी आणते, कसा ते विचारू नका, एवढंच सांगितल्यावर साहेब आणि हिमेना दुरुस्तीचा कागद घेऊन परत येणार आहेत, तसं दोघांनी माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलंय: सान हुआनच्या सणानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळच्या बसने.

तुझीच, रागावलेली,
आजी सातुर्निना