तिसऱ्या गाण्यातलं मशीन

प्रिय भोंग्या,

आपल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीतून बाबांचं मशीन पुसून टाकलंय, आणि तेही तुझ्या सांगण्यावरून, हे आज सकाळी रेकॉर्डिस्टने फोनवर कबूल केलं. मी त्याचीच चूक समजून त्याला दहा मिनिटं फैलावर घेतलं. शेवटी बिचारा म्हणाला, "ताई, मला काय बोलताय? तुमच्या भावालाच तो खडखडाट नको होता."

खडखडाट! हे तू म्हणावंस? बावीस वर्षांपूर्वी तुझा सॅक्सोफोन ऐकून शेजारचा शिंपी विचारायला आला होता, कुणाला लागलंबिगलं का म्हणून. बेसवाल्याचा स्पीकर फाटका, माझे ड्रम कानठळ्या बसवणारे, चाळीस मिनिटांत एक धड चाल नाही. लोक रेकॉर्डी परत आणून द्यायचे तेव्हा तू छाती फुगवून सांगायचास, गोंगाट हेच आमचं संगीत. आता चार जाणकार वाखाणायला लागले, तर तुला त्यातला एकच गोंगाट खुपला. नेमका बाबांचा.

खालच्या खोलीत बाबा प्रेस मशीनवर पत्र्याची झाकणं कापायचे, वरच्या खोलीत आपण वाजवायचो. मशीनचा दणका जमिनीतून माझ्या स्टुलात यायचा, मी त्याच्यावरच ताल धरायचे. तिसऱ्या गाण्यात तर आपण तिघंही थांबतो, त्याचे चार दणके जाऊ देतो, आणि मग तू किंचाळत शिरतोस. आता तिथे काय उरलंय, ऐकलंस का? तीन माणसं वाट बघत बसलीयत, आणि कशाची ते कुणाला कळत नाही.

हे आधी माझ्या नाही, बाबांच्या लक्षात आलं. त्या मशीनपायी त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकवून बसतात. रविवारी मी नमुन्याची प्रत लावली. दोन गाणी मान डोलावत होते. तिसऱ्याला हात उचलला, पँटला पुसला, पुन्हा टेकवला. "माझं बंद पडलं का गं?" मी कानाशी ओरडून म्हटलं, वायर सैल झालीय. तुझ्यापायी त्यांच्याशी खोटं बोलले, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय.

तू म्हणशील, ते आपलं काम करत होते, त्यांचा गाण्याशी काय संबंध? मीही इतकी वर्षं तसंच समजत होते. पण वायरचं ऐकून बाबा हसले आणि म्हणाले, "तुमच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी मला काम कुठे होतं? पत्रा आलाच नव्हता. आदल्या दिवशी मशीन बंद होतं, तर वर तुमचं सगळं विस्कटत होतं." म्हणून त्या दिवशी कापायचा साचा काढून ठेवून, पायपट्टीवर पाय दाबून, हा माणूस चार तास रिकामं मशीन चालवत उभा होता. हे सांगून वर मला बजावलं, "भोंग्याला सांगू नकोस. मी लुडबूड केली असं वाटेल त्याला."

मी सांगतेय. जुनी टेप रेकॉर्डिस्टने जपून ठेवलीय, पण तुझ्या शब्दाशिवाय तो हात लावणार नाही. गुरुवारी दुपारी बारापर्यंत तो तुझ्या फोनची वाट बघेल, मग रेकॉर्ड छापायला जाईल. शनिवारी पहिली प्रत घरी येतेय. वायर तोवर दुरुस्त होईल, असं बाबांना मी सांगून ठेवलंय.

तुझीच,
ताई