सासूबाईंच्या पुड्या

१४ जानेवारी २००७, घाटंजी

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. चूक माझी. पेपर तपासणं, सासूबाईंचं गावाहून इथे राहायला येणं — सबबी खूप आहेत, त्या लिहीत नाही.

आज त्यांच्या उशीखाली कागदाच्या पुड्या सापडल्या. प्रत्येकीत तीन-चार सुट्या गोळ्या, नाव नाही. गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या. डॉक्टर कसला, बोर्ड लावून बसलेला माणूस. "दोन वर्सापासून घेऊन राह्यली. त्याच्यानंच तं गुडघे चालतात माहे." त्यांचा चेहरा गोल झाला, गाल भरले, तेव्हा मी म्हणायचे की गावची हवा मानवते. त्या गालांचं कारण आज उशीखाली सापडलं. स्टेरॉइड.

साऱ्या पुड्या त्यांच्या देखत मोरीत ओतल्या. "आई, हे जहर आहे." मला बरं वाटलं — हे लिहून ठेवते.

१९ जानेवारी

सासूबाई पडून असतात. जेवण नाही, सारखी मळमळ. "आंग गयून गेलं, शीला. उठवत नाही." मी म्हटलं, सवय सुटताना होतं असं. अतुल पंचायत समितीतून आला तर त्याला सांगितलं, हट्ट आहे दुसरं काही नाही. पुड्यांचं त्याला बोलले नाही. त्याची आई दोन वर्षं असं खात होती, इथे आल्यापासून तर माझ्यासमोर — मला ते दिसलं कसं नाही, हे त्यानं विचारलं असतं.

२१ जानेवारी

सासूबाईंनी हट्टानं गावी नेऊन आणायला लावलं. मला धरून शेतात गेल्या, तिथे कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट त्यांच्या टाचेत गेलं. हळद लावली. एवढीशी जखम.

२४ जानेवारी, यवतमाळ

काल रात्री ताप, आज सकाळी डोळे उघडेनात. हात थंडगार. जीप करून इथल्या दवाखान्यात आणलं. टाच सुजून लाल. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलेत. मग विचारलं, "घरी कोणत्या गोळ्या चालू होत्या?"

अतुलनं माझ्याकडे पाहिलं. घरातली शिकलेली मी.

मी म्हटलं, "नाही. काहीच नाही."

का म्हटलं? प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या घरात भोंदू डॉक्टरची पुडी — एवढंच आलं मनात. त्या खाटेवर कोण आहे, ते आलं नाही.

२५ जानेवारी

सलाइन, अँटिबायोटिक, सगळं चालू, तरी रक्तदाब वर येईना. डॉक्टर सिस्टरशी बोलत होते, "जखमेच्या मानानं फार बिघडलंय. काहीतरी जुळत नाही."

मला जुळत होतं. मागच्याच महिन्यात दुसऱ्या वर्षाला फळ्यावर काढून दाखवलं मी : मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी. जंतूंचं विष रक्तात भिनलं की त्या कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कितीतरी पट जास्त सोडतात, त्याच्या जोरावर रक्तवाहिन्या दाब धरून राहतात. बाहेरून आयतं मिळत राहिलं की ग्रंथी काम सोडतात. मग बाहेरचंही अचानक बंद केलं तर शरीराकडे काहीच उरत नाही. विद्यार्थ्यांना हे पाठ करायला लावते मी. आणि घरी, "हट्ट आहे."

डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून सांगितलं. पुड्या, दोन वर्षं, मोरी, सगळं. ते चिडले नाहीत. "मॅडम, हे काल हवं होतं." लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत दाब चढला. सासूबाईंनी पाणी मागितलं.

एक अख्खा दिवस त्या माझ्या लाजेपायी तशा पडून होत्या.

२८ जानेवारी

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अतुल सांगतो, "डॉक्टरले समजत नव्हतं. शीलानं ओळखलं, म्हणून माय वाचली." आर्णीची नणंद माझे हात धरून रडली. "वहिनी, तुमच्या शिक्षणाचं सार्थक झालं." मी चहा ओतत राहिले. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतंच असं नाही.

२९ जानेवारी

अतुलला सांगितलं. दवाखान्यामागच्या टपरीवर. तो म्हणाला, "मले तरी सांगायचं होतं." रागावला असता तर सोपं गेलं असतं.

३० जानेवारी

सासूबाईंना मऊ भात भरवत होते. म्हटलं, आई, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "चुकलं कायचं वं? तू बरोबरच बोलली. मी तं गावी गेलती तवा साऱ्या बायायले सांगतलं. माही सून प्रोफेसर हाय म्हटलं, थे म्हणते पुडीत जहर हाय. हंसाबाईनं, देवीलालच्या मायनं, साऱ्याइनं आपापल्या पुड्या चुलीत टाकल्या."

उद्या : पहिल्या एसटीनं गावी जाऊन घरोघरच्या बायका दवाखान्यात आणणे.