मिटल्या तोंडातला 'स'

३ तारीख
ताईच्या घरी आले. वरची खोली मला दिलीय. खिडकीत ऊन, टेबल आणि ही कोरी वही. उद्या जबड्याचं ऑपरेशन. दीड वर्ष तारा लावून दात ओळीत आणले. आता पुढे आलेला खालचा जबडा डॉक्टर कापून मागे बसवणार. मला 'स' येत नाही, त्याचा 'श' होतो. म्हणून मी जन्मात कुणाला सातची वेळ दिली नाही, थेट आठची देते. आई फोनवर कायम म्हणते, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. आता पहिलं स्वच्छ वाक्य तिच्याशीच बोलणार. भाओजी म्हणाले, महिनाभर घरात शांतता.

९ तारीख
वरचे-खालचे दात तारेने घट्ट बांधलेत. दातखीळ बसणं म्हणजे काय ते कळलं. गालाच्या कडेने नळी घालून सूप घ्यायचं. कूस बदलायचाही कंटाळा येतो. उशाशी तार कापायची छोटी पक्कड ठेवलीय, उलटी झाली तर लागेल म्हणून. दुपारी आईचा फोन येतो, ताई कानाशी धरते. मी नखाने टकटक करते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

१६ तारीख
फार थकलेय. ताई म्हणाली, आई खूश आहे, काल तू तिच्याशी किती छान बोललीस. काल दुपारभर मी झोपले होते. पाटीवर तसं लिहून दाखवलं. ती म्हणाली, बांधल्या दातांतूनही बोलतात लोक, गुंगीत आठवत नसेल.

२१ तारीख
आज जागी राहिले. आईने विचारलं, पोटात काही जातं का. मी नख वाजवायच्या आत माझ्या तोंडातून आवाज आला, "सूप घेते, आई. सगळं सोसतंय." सगळे 'स' कोरे करकरीत. माझी जीभ हललीही नव्हती. आईला रडू फुटलं.

"आत्ता कुठे माझी लेक बोलली," ती म्हणाली.

मग इतकी वर्षं कोण बोलत होतं?

२४ तारीख
उद्या तार काढायची होती. दवाखान्यातून निरोप आला, पेशंटनेच फोन करून तारीख पुढे ढकललीय. सात तारीख मागितली. सात. मी?
पक्कड उशाशी नाही. ताई म्हणते, तूच सांगितलंस, खाली ने म्हणून.

२६ तारीख
अंग गळून गेलंय. आईच्या आणि माझ्या तोंडातल्या त्या दुसरीच्या गप्पा तासन्‌तास चालतात. मी नुसती ऐकते. आईला ती आवडते, माझ्यापेक्षा जास्त. मला आईशी एकदाच, माझ्या 'श'मध्येच का होईना —

२७ तारीख
ताईला ही वही दाखवायची. वाचलं की पटेल. जिन्यावर पावलं — ताईच. दारातूनच विचारतेय, काय लिहितेस गं. वही पुढे करणार तोच तोंडातून उत्तर गेलं —
"सहज."
ताई हसली. वळली. मी टेबलावर नख वाजवतेय. दोनदा. दोनदा म्हणजे नाही. ताई, दोन