गालातली गाठ आणि घरची हळद

७ फेब्रुवारी, हट्टा
दुसरं केमो उरकलं. दुपारच्या गाडीनं नांदेडहून घरी. उलट्या कमी, तोंडाला चव नाही. गालातली गाठ जिभेला लागते ती लागतेच. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, गाठ आकसली तरच ऑपरेशन.
त्यात नवीन भानगड. या औषधानं मूत्रपिंडाला मार बसतो. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय. आणखी वाढलं तर हे औषध बंद करून दुसरं देणार, आणि ते एवढं जोरकस नाही. म्हणून भरपूर पाणी प्यायचं.
हळद शिजवायचा कुकर अंगणात ताडपत्रीखाली. अर्ध्या गावाची हळद दरसाल मी शिजवतो. यंदा ऐन हंगामात मीच घरात बसून.

९ फेब्रु.
मनीषाचा फोन, स्पीकरवर. पोरगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "बाबा, प्रयोगात उंदरांना तुमचंच औषध देतात आणि सोबत हळदीतलं सत्त्व देतात. त्यांच्या किडन्या कमी खराब होतात. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला. पण ते उंदरांचं झालं..."
पुढचं ऐकायला शकू थांबली नाही. स्वयंपाकघरात भांडं आदळल्याचा आवाज आला. बायकोला एवढ्या घाईनं उठताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

१० फेब्रु.
सकाळी हळदीचा काढा. दुपारी काढा. संध्याकाळी ओल्या हळदीचे तुकडे, वर गूळ. गाठीमुळे चावता येत नाही म्हणून ठेचून.
शकूचं एकच, "उंदराचं भलं व्हतं, मंग तुमचं काहून न्हाई व्हनार?"
वाद घातला नाही. अंगात जोर नाही, आणि खरं तर मलाही ते पटावंसं वाटलं.

१५ फेब्रु.
बातमी गावभर. आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला कोणी केळी-बिस्किटं आणत असेल, माझ्याकडे सगळे हळद आणतात. प्रत्येकाची "आमच्या रानातली". आणलेली घेतली नाही तर माणूस रुसतो. कोपऱ्यात ढीग लागलाय.
शेजारच्या गोदाकाकू म्हणाल्या, "शिजवलेलीत काय ऱ्हातंय बापू? सत्त्व समदं वाफंवर जातंय. कच्चीच खाय."
ज्यानं आयुष्यभर हळद शिजवली त्याच्या तोंडावर हे! वाईट वाटलं. खाल्ली मात्र कच्चीच.

२२ फेब्रु.
वसमतला रक्त तपासलं. क्रि. खाली आलंय. शकूनं देवापुढं साखर ठेवली, एक चिमूट उंदरासाठीही. बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो.

२८ फेब्रु., नांदेड
तिसरं केमो. सलाइन लावण्याआधी डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला. तळवा पिवळा, नखं पिवळी. लगेच पापणी ओढून डोळे बघितले, पोट दाबलं, कावीळ झाली का म्हणून. नर्सला रक्त घ्यायला सांगितलं. मी तळवा मिटून घेतला. न विचारता दुसरं काही औषधपाणी घेऊ नका असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
शेवटी शकूनंच आपले दोन्ही हात पुढं केले. तेही तसेच. "कावीळ न्हाई बाई. हळद हाय. म्याच पाजून राहिले." थर्मासही पिशवीतून काढून दाखवला. त्यातही काढाच.
बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, हे औषध गाठीला जाळतं, त्याचीच झळ मूत्रपिंडाला लागते. हळद ती झळ कमी करत असेलही. पण मग गाठीलाही आडोसा मिळत असेल तर?
"मिळतो का?" शकूनं विचारलं.
"मला माहीत नाही. माणसात याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत मी घेऊ देणार नाही."
क्रि. कशानं उतरलं, तेही सांगता येत नाही म्हणाल्या. काढ्यातून पाणी भरपूर गेलं, त्यानंही उतरलं असेल. भाजीपुरती हळद चालेल. बाकी सगळं बंद.

१ मार्च
आज घरी परतलो. वसमतच्या स्टँडवर चहा घेतला, शकूनं थर्मासातला काढा तिथंच नळाखाली ओतून दिला.

४ मार्च
मनीषा आली आहे. आईच्या गळ्यात पडून रडली. "मी अर्धंच सांगितलं."
शकू म्हणाली, "तू पुरं सांगत व्हतीस. म्याच उठले."
मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. दोघींची समजूत घालायची तर आधी स्वतःची घालावी लागेल.

११ मार्च
लोक अजून हळद आणतातच. शकू घेते, चहा करते, ते गेले की पोत्यात टाकते. बंद केलंय असं कोणाला सांगत नाही. मीही नाही.
हात राखेनं घासते, लिंबानं घासते. रंग जाता जात नाही.

१७ मार्च
गालाचं स्कॅन झालं. रिपोर्ट उद्या, नांदेडला. क्रि. अजून खालीच आहे.
गाठीवर दिवसभर जीभ फिरवतोय. सकाळी लहान वाटली. जेवल्यावर पहिल्याएवढीच. मला भीती वाटते. एवढं स्पष्ट कुठंच लिहिलं नव्हतं, आज लिहितो.
संध्याकाळी गोदाकाकूंच्या शेतातून बोलावणं आलं होतं, नवा माणूस शिजवतोय, एकदा बघून जा म्हणून. गेलो. हळदीच्या कांडीत काडी टोचली, आरपार गेली, म्हणजे शिजली. उतरवा म्हणालो.
घरी आलो तर शकू पिशवी भरत होती. वर न बघता म्हणाली, "किडनी चांगली हाय म्हंतेत. त्याचं बरं वाटून घ्यावं का न्हाई वो?"
गाठीलाही आडोसा मिळाला असेल तर, हेच तिच्याही मनात होतं. तिच्या शेजारी बसलो.
सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं. थर्मासात या वेळी नुसतं पाणी.