धरणाऱ्याचं दुखणं

४ नोव्हेंबर १९७४, सोमवार
भोसरीत खोली मिळाली, आणि नोकरीची जागाही आवडली! परभणीहून निघताना आई विचारत होती, जनावरांचा डॉक्टर कारखान्यांच्या गावात काय करणार? इथे चाकण रस्त्याला औषध कंपनीची शेड आहे. आत खूर सडून लंगडणाऱ्या मेंढ्या. त्यांच्यावर सूज-दुखीचं नवं इंजेक्शन तपासायचं. त्याला नाव नाही, नुसतं ‘सतरा नंबर’ म्हणतात. मेंढ्या सांभाळणारा ज्योतीराम आणि त्याची बायको सरूबाई तिथेच पत्र्याच्या खोलीत राहतात. सरूबाईने ताक-कण्या खाऊ घातल्या. दोन घास जास्तच गेले.

८ नोव्हेंबर
डोकं उठलंय. मेंढी दुखणं लपवते. मी जवळ गेलो की सडका पाय नीट टेकून उभी, पाठ फिरवली की लंगडते. बाभळीआडून बघून टिपणं काढतोय. पिंपरी ऑफिसचे नानासाहेब मात्र रोज ड्रायव्हरबरोबर निरोप धाडतात : निकाल कुठेत?

११ नोव्हेंबर
पहिलं इंजेक्शन दिलं. ज्योतीरामने मेंढी धरली, मी टोचलं. थोड्या वेळात ती सरळ चालू लागली, अगदी माझ्यासमोर! पण खुराची सूज तशीच, पूही तसाच. आणि ज्योतीराम डाव्या पायाने लंगडायला लागला. मेंढीचाही डावाच. नाटकं करू नकोस म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. पाय पाहिला तर साधा ओरखडा नाही.

१३ नोव्हेंबर
औषध उतरून मेंढी पुन्हा लंगडली, तसा ज्योतीरामचा पाय मोकळा झाला. आता तो मेंढी धरायला तयार नाही. म्हणून आज सरूबाईने धरली, पुढचा उजवा पाय सडलेली. दुपारी तिला उजव्या हाताने भाकरी थापवेना. म्हणाली, “सायेब, दुखनं जात न्हाई. नुसती जागा बदलतंय.” दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बाई कामचुकार आहे.

१४ नोव्हेंबर
आज मीच गुडघ्यांत दाबून धरली आणि टोचलं.
खरं आहे.
बोटांत गळू ठणकावं तसं. बोटं स्वच्छ. मेंढी आरामात चरत होती.

१६ नोव्हेंबर
नानासाहेबांना भेटलो. सगळं सांगितलं. हसले. मी थकलोय म्हणाले. मग आवाज बदलला : मंगळवारी मुंबईचे पाहुणे येणार, सगळ्या कळपाला औषध द्यायचं. मला जमत नसेल तर ज्योतीराम धरेल. भिंतीशी बोललो असतो तर बरं.

१८ नोव्हेंबर
दोघांना राजगुरुनगरच्या एसटीत बसवलं, सरूबाईच्या भावाकडे. निरोप धाडेपर्यंत येऊ नका म्हटलं. खिडकीतून ती म्हणाली, “मग धरनार कोन?”
मी कंडक्टरला बेल मारायला सांगितलं.

१९ नोव्हेंबर
सगळ्या धरल्या. टोचायला ऑफिसचा माणूस होता. शेवटच्या दोन-तीन तर बसूनच— उभं राहता येईना— हात, पाय, सगळ्यांचं एकदम—
पाहुणे खूश होऊन गेले. मेंढ्या उड्या मारतायत. मला ज्योतीरामच्या खोलीत आणून टाकलं.
उद्या उतरेल. उतरेलच.

दुपार
नानासाहेब दारात येऊन गेले. मुंबईला तपासायला मेंढ्यांचे सांधे हवेत. औषध अंगात असतानाच. चाकणहून खाटीक बोलावलाय.
ओरडलो. थांबवा म्हटलं. पाया पडलो असतो, पण उठता—
ते म्हणाले, “अहो, त्यांना काही कळणारसुद्धा नाही. हेच तर आपलं औषध!”
दार ओढून घेऊन गेले.
फटीतून दिसतंय. पहिलीला आडवी पाडली. ती ओरडत नाही. तडफडतही नाही. इकडे बघतेय—
माझ्या गळ्याला काहीतरी गार लाग